पिंपळासाठी लाभ

१३ एप्रिल १९४८

गुढी उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले. सांगितलं काय, तर औरंगाबादेकडे रेडिओ दुरुस्तीचं काम मिळालंय. बुऱ्हाणपुरात रेडिओ बिघडायचे थांबले का? मी शहापूरच्या केळीवाल्याची मुलगी असले तरी फायनल पास आहे, पेपर वाचते. देश मोकळा झाला, संस्थानं एकेक करून सामील झाली, निजामाचं हैदराबाद तेवढं अडून बसलंय. तिकडच्या हद्दीवर गस्त आहे, धरपकड आहे. तिथे कोण रेडिओ नीट करून घेत बसलंय?

मी म्हटलं, खरं सांगा. हे म्हणाले, "खरं सांगितलं तर रडशील, खोटं सांगितलं तर भांडशील. मला तू भांडताना बरी दिसतेस." मग भांडले. आता वाटतं, थोडं रडले असते तर कदाचित राहिले असते.

जाताना ही वही ठेवून गेले. म्हणाले, माझ्याशी भांडण उरलं तर यात भांड. वहीत नवऱ्याचं नाव घेतलं तर कुणाला ऐकू जाणार? वामन. घेतलं. काही झालं नाही, आढंही पडलं नाही.

२ मे

आज जैनाबादचे गिरधरभाई आले. नदीपलीकडे त्यांचं कापसाचं गोदाम आहे. मामंजी बाजारात गेलेत याची खात्री करून मगच आत आले. मामंजी म्हणजे माझे सासरे, दगाजी मापारी. इतवाऱ्याच्या बाजारात धान्य मोजायला त्यांचाच हात लागतो. त्यांच्या पायलीवर दोन व्यापाऱ्यांचं भांडण कधी झालेलं नाही.

गिरधरभाई म्हणाले, "भाभी, तुमचा आवाज साफ आहे. आम्हाला आवाज पाहिजे." मी म्हटलं, भजनाला का? ते हसले नाहीत.

काम असं. गोदामाच्या मागच्या खोलीत हवेत आवाज सोडायचं एक यंत्र आहे. लोटू नावाचा माणूस ते चालवतो. दुपारी मामंजी बाजारात असतात त्या वेळी जाऊन, चिठ्ठीवर लिहिलेले आकडे मी वाचायचे. पाच-पाचचे घास करून, सावकाश, दोनदा. हद्दीपलीकडे आपली दोन माणसं साधा रेडिओ घेऊन बसलेली आहेत. त्यांची नावं पिंपळ आणि बाभूळ. त्यांच्याकडे आकड्यांच्या कागदांची एक गड्डी आहे, तशीच दुसरी इकडे आहे. ऐकलेल्या आकड्यांतून कागदावरचे वजा केले की अक्षरं निघतात. एक कागद एकदाच वापरायचा आणि जाळायचा. "सगळी दुनिया ऐकू दे, मतलब त्या एकालाच मालूम," गिरधरभाई म्हणाले. आणि ऐकणारा नुसता ऐकतो, बोलत नाही, म्हणून तो कुठे बसलाय याचा पत्ता कुणाला लागत नाही.

मी नाही म्हणणार होते. मग ते खाली बघून म्हणाले, "पिंपळ म्हणजे वामन. एवढंच सांगतो, जास्त विचारू नका."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? उद्यापासून मी गिरधरभाईंच्या बायकोला भरतकाम शिकवायला जैनाबादला जाते आहे, असं मामंजींना सांगायचं ठरलं. मला साधा टाका नीट येत नाही.

३ मे

शिव्या खाल्ल्या. पहिल्याच दिवशी.

लोटूनं खूण केली, दिवा लागला, मी म्हटलं, "पिंपळासाठी, पिंपळासाठी." हे ऐकताहेत या विचारानंच पाणी आलं डोळ्यांत. पहिला आकडा एक होता. माझ्या तोंडून गेलं, "लाभ."

या घरात लग्न करून आल्यापासून रोज तेच कानावर आहे. मामंजी पहिली पायली ओततात तेव्हा एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. मी घरी पोळ्या मोजते तेव्हाही लाभ म्हणते. हे मला चिडवायचे की आमच्या बापाला सून नाही, शागीर्द मिळाला.

गिरधरभाई इतके चिडले की टोपी काढून आपटली. लाभ हा आकडा आहे का? ऐकणारा तो सोडून देईल, मग पुढचं सगळं एकेक घर सरकेल, आणि जायचं पूर्वेला तर माणूस पश्चिमेला जाईल. शिवाय तिकडे कान लावून बसलेल्यांना कळेल की बाई मापाऱ्याच्या घरातली आहे. "एक म्हणायचं. एक! जीव जातो भाभी याच्यात." मी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आखाजी (अक्षय्य तृतीया)

शहापूरला भावानं बोलावलं होतं, झोका बांधलाय म्हणून. गेले नाही. चिठ्ठी चुकवायची नव्हती.

सकाळी घागर भरली, सासूबाईंच्या नावानं. त्या जाऊन सहा वर्षं झाली. घागरीसोबत ब्राह्मणाला द्यायचे गहू मामंजींनी मापले. मी सुपात धरत होते. त्यांनी पायली भरली, ओतली आणि म्हणाले, "एक."

मी विचारलं, लाभ का नाही म्हटलं? दरवर्षी पाहते, पण विचारलं आजच. ते म्हणाले, "मेल्या मानसाचं धान्य लाभ म्हनून नई मापत पोरी. त्याले कशाचा लाभ? जित्याले लाभ म्हनावं. एक म्हनलं की एकटं पडते."

मी रोज दुपारी त्या खोलीत बसून माझ्या नवऱ्याला काय म्हणते आहे? एक. एक. एक.

१५ मे

गिरधरभाईंना सांगितलं की एकाऐवजी दुसरा शब्द ठरवू या. कारणही सांगितलं. ते म्हणाले, भाभी, तुम्ही शिकलेल्या ना? शिकले म्हणून काय झालं, सून तर मापाऱ्याचीच आहे. आता मी एक म्हणायच्या आधी मनात लाभ म्हणते. लोटू विचारतो, तुम्ही एकाच्या आधी थांबता का? मी सांगितलं, दम लागतो.

९ जून

केळीच्या गाडीवाल्यानं निरोप आणला, पिंपळ बरा आहे. दाढी वाढलीय आणि खोकला झालाय. दाढीत कसे दिसत असतील? मी गिरधरभाईंना म्हटलं, चिठ्ठीत ज्येष्ठमध घ्या असं घाला ना. ते म्हणाले, एवढ्याला एक कागद जाळायचा का? कंजूस माणूस.

एक मात्र बरं आहे. हे तिथे, मी इथे, आणि तरी रोज दुपारी मी बोलते आणि हे ऐकतात. लग्नाला पाच वर्षं झाली, इतकं गुपचूप कधी ऐकून घेतलं नव्हतं. पण वाचणारी मीच, हे त्यांना माहीत नाही. गिरधरभाईंनी कळवलेलं नाही. हवेतून येणारा आवाज म्हणे खरखरतो, आईचासुद्धा ओळखू येत नाही.

२७ जून

आज खूप हसले. आमच्या गल्लीतला सुपडू न्हावी मामंजींना सांगत होता की अडतीवरच्या शेठच्या रेडिओवर दुपारी एक बाई नुसते आकडे म्हणते. सुपडूला वाटतं, तो कापसाच्या सट्ट्याचा आकडा आहे. बाईच्या शेवटच्या आकड्यावर त्यानं पैसे लावले आणि घालवले. आता बाईला शिव्या घालतो. मी आत तोंडात पदर कोंबून हसत होते. मामंजी नुसते म्हणाले, "बाईचा आवाज गोड असन."

११ जुलै

तापीला पाणी चढतंय, राजघाटावरचा दगडी हत्ती गुडघ्यापर्यंत बुडाला. नावाडी कुरकुर करतो. हे म्हणायचे, जवळच नेपा म्हणून आहे तिथे कागदाचा कारखाना उभा राहतोय, तिकडचं काम संपलं की तिथे विजेच्या कामावर लागेन, तुला घर मिळेल, मोरीत नळ असेल. नळाचं नंतर बघू. आधी या.

२० जुलै

आज एक नवल झालं. पिंपळाची चिठ्ठी वाचताना लक्ष नव्हतं. आषाढी झाली, उपासानं डोकं हलकं झालं होतं, आणि पुन्हा तोंडून गेलं, "लाभ." जीभ चावली. गिरधरभाई दारात उभे होते. मी डोळे मिटून टोपी आपटायची वाट पाहिली.

काही नाही. वाचून झाल्यावर हळूच म्हणाले, "असू दे, भाभी. चालते."

लोटूचे डोळे लाल होते. जागरण झालं म्हणाला. निघताना गिरधरभाईंच्या बायकोनं मावा जिलेबीचा द्रोण हातात दिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. आजवर ती मला भरतकामावरून टोमणे मारायची. माणसं वाईट नसतात, वेळ लागतो इतकंच.

२३ जुलै

मुद्दाम म्हणून पाहिलं. लाभ. काही बोलले नाहीत!

माझा हात बसला म्हणून विश्वास टाकला असणार. आता मी पिंपळाच्या प्रत्येक एकाला लाभ म्हणते. छातीवरचं ओझं उतरलं. हे ऐकत असतील तर लगेच ओळखतील. दुनियेत दुसरी कोण अशी मोजणार?

१ ऑगस्ट

पिंपळाची चिठ्ठी आता लोटू तिथेच बसून लिहितो. पूर्वी ती बाहेरून बंद पाकिटात यायची. लोटूचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण काम सोपं झालं. आज लिहिताना तो खिडकीबाहेर बघत बघत आकडे टाकत होता. मी म्हटलं, अहो, बघून लिहा, माझा नवरा आहे तो. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि पाणी प्यायला गेला. बराच वेळ आला नाही.

५ ऑगस्ट

आज मंगळवारच्या चिठ्ठीतलेच घास पुन्हा आले. तसेच्या तसे. महत्त्वाचा निरोप असेल, दोनदा सांगत असतील. म्हणून मी जास्त सावकाश वाचलं.

९ ऑगस्ट

पूर आला. हत्ती पाठीपर्यंत गेला, नाव सुटली नाही. घाटावर भिजत उभी राहिले आणि नावाड्याला हात जोडले. तो म्हणाला, बाई, भरतकामासाठी कुणी जीव देतं का?

१० ऑगस्ट

गिरधरभाई काळजीत होते. "बाभळीचं कालचं फार जरुरी होतं." मी विचारलं, आणि पिंपळाचं? ते म्हणाले, "ते पण. ते पण." आज नव्या हुशारीत मी बाभळीलाही लाभ म्हटलं, तर असे ओरडले की लोटूच्या हातून तार निसटली. "तिथे नाही! तिथे एकच!"

म्हणजे पिंपळाला चालतं, बाभळीला चालत नाही. विचार केल्यावर कळलं. पिंपळ मापाऱ्याचा मुलगा आहे, त्याला लाभ समजतो. बाभूळ कोण कुठचा, त्याला काय समजणार?

२४ ऑगस्ट

हे लिहू की नको कळत नाही.

रात्री जेवताना मामंजी मान खाली घालून म्हणाले, "शेठच्या रेडिओवर ती बाई हाये ना, आकडेवाली. ती लाभ म्हनते वं."

ते पुढे म्हणाले, "सुपड्याले नई समजत. मले समजते. मापाऱ्याच्या घरची हाये. चांगल्या घरची." मग माझ्या ताटात तूप वाढलं. तूप वाढायला ते कधी उठत नाहीत. मी म्हटलं, मामंजी, मी... त्यांनी हात वर केला. "काही नको सांगू. मले इतलंच म्हननं हाये. जोवर ती बाई लाभ म्हनू रायली, तोवर मले झोप लागते. लाभ जित्यालेच म्हनतेत."

ते झोपले. मी कोठीमागे बसून रडले, पण आनंदानं. आता मी एकटी नाही. दुपारी मी बोलते, एक कान हद्दीपलीकडे असतो आणि दुसरा शेठच्या अडतीवर.

७ सप्टेंबर

गणपती बसले. तिकडून दोन महिन्यांत पिंपळाचा एकही निरोप नाही. गिरधरभाई म्हणतात, रस्ते बंद आहेत. बाभळीचे निरोप मात्र येतात. बाभळीला रस्ते वेगळे आहेत का? विचारलं तर म्हणाले, भाभी, जेवून जा. हल्ली ते प्रत्येक प्रश्नाला जेवायलाच घालतात.

१८ सप्टेंबर

संपलं! आपलं सैन्य आत गेलं आणि काल निजामानं हात टेकले. हैदराबाद सामील झालं. इतवाऱ्यात गुलाल, शनवाऱ्यात पेढे, अनंत चतुर्दशीचे ढोल आणि त्यातच हे. मामंजींनी आयुष्यात पहिल्यांदा पायली दुपारीच उपडी घातली आणि घरी आले. म्हणाले, "आता वामन्या येईन. नवी ज्वारी आली की त्याच्या नावानं वेगळी ठेवजो." मला हसू आवरेना.

गिरधरभाईंनी यंत्र बंद केलं. मी म्हटलं, आता तरी सांगा, कधी येतील? सगळे येताहेत ना? ते म्हणाले, "येणारे येतील." लोटू तारा गुंडाळत होता. त्याच त्याच तारा सोडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता.

२३ सप्टेंबर

आले नाहीत. मामंजी गाडीच्या वेळेला ठेसनावर जातात. मी दाढीसाठी गरम पाणी ठेवते आणि संध्याकाळी त्यातच भांडी घासते.

२८ सप्टेंबर

लिहिते. लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही.

गिरधरभाईंनी बोलावणं पाठवलं. गोदामात एक माणूस बसला होता, अजिंठ्याच्या बाजूचा शेतकरी, निंबा नावाचा. सोबत बायको आणि दोन मुली. मला पाहून निंबा उठला आणि त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. तेव्हाच मला कळलं. कुणी काही सांगायच्या आधी.

हे निंबाच्या घरी राहत होते. दूरचा पाहुणा, रेडिओ दुरुस्त करणारा, म्हणून. आषाढीच्या पुढेमागे गावात झडती होणार अशी कुणकुण लागली. त्यांनी रेडिओ आणि कागद घोंगडीत बांधले आणि घर वाचावं म्हणून रात्रीच बाहेर पडले. पूर्णेला पूर होता. बोचकं डोक्यावर घेऊन उतरले. बोचकं वाहून गेलं, हे दोन गावं खाली काठाला लागले. ओळख पटेल असं अंगावर काही नव्हतं, म्हणून कोण, कुठला, हे तिथल्या पोलिसांना कळलं नाही. निंबानं वाटसरूचं प्रेत म्हणून लाकडं मागून आणली, अग्नी दिला आणि केळीच्या गाडीवाल्याबरोबर इकडे निरोप धाडला. त्याच्या बायकोला मोठ्यानं रडताही आलं नाही.

मी गिरधरभाईंकडे पाहिलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"एकोणीस जुलैला. तुम्ही दुसऱ्यांदा लाभ म्हणालात, त्याच्या आदल्या दिवशी."

असू दे, भाभी. चालते. त्या दिवशीचं ते बोलणं कानात वाजलं.

मी ओरडले. आयुष्यात अशी कधी ओरडले नव्हते. म्हटलं, तुम्ही मला दोन महिने मेलेल्या माणसाशी बोलायला लावलं. लोटू खिडकीबाहेर बघून आकडे टाकायचा आणि मी ते सावकाश वाचायचे, त्यांना नीट ऐकू जावेत म्हणून! माझं कुंकू दोन महिने खोटं होतं आणि तुम्ही मला जिलेबी खाऊ घातली!

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "हो. सगळं खरं. पण तिकडे कान लावून बसलेले निजामाचे लोक रोज पिंपळाच्या आकड्यांची वाट बघत होते. एकीकडे एक अनोळखी माणूस पुरात मेला, आणि त्याच आठवड्यात पिंपळाचे आकडे बंद झाले, तर त्यांना दोन आणि दोन चार करायला किती वेळ लागला असता? मग तो माणूस कुणाच्या घरी राहिला, ते शोधलं असतं. आकडे चालू राहिले म्हणून ते पिंपळाला दुसरीकडेच शोधत राहिले."

"मग मला सांगायचं तरी. मी वाचले असते."

"आवाज फुटला असता भाभी. आकडे खोटे असले तर चालतात. आवाज खोटा चालत नाही."

मी त्या दोन मुलींकडे पाहिलं. धाकटी द्रोणातली जिलेबी खात होती, पाक कोपरापर्यंत ओघळला होता. मला तिचा राग आला. खोटं कशाला लिहू? आधी राग आला, मग तिचा हात पदरानं पुसला.

निघताना निंबा म्हणाला, "बाई, एक सांगायचं राहिलं. चैत्र सरता सरता, तुम्ही बोलल्या त्या पहिल्या दिवशी आम्ही दोघं कणगीमागं बसून ऐकत होतो. तुम्ही लाभ म्हनल्या. वामनभाऊ लिहिता लिहिता थांबले आणि असे हसले, असे हसले, तोंडावर हात दाबून. मी म्हनलं, काय झालं? तर म्हने, निंबा, ही माही बायको हाये. शिव्या खाईन आता बिचारी. मंग रोज आकडे सुरू झाले की म्हनत, आली."

३० सप्टेंबर

दोन दिवस तेच डोक्यात आहे. जोवर हे होते तोवर मी त्यांना एक म्हणत राहिले, मेल्या माणसाचं धान्य मापावं तसं. आणि गेल्यावर दोन महिने तोंड भरून लाभ. ते सगळे लाभ कुठे गेले? हवेत गेले, शेठच्या रेडिओत गेले, सुपडूच्या सट्ट्यात गेले. पोचला तो पहिला एकच, चुकून तोंडातून निसटलेला, ज्याच्यासाठी मी शिव्या खाल्ल्या. ती एक चूक झाली नसती तर हे मला न ओळखताच गेले असते.

मामंजींना सांगितलेलं नाही. गिरधरभाई म्हणाले, मी येतो, मी सांगतो. मी नको म्हटलं. या घरातलं या घरातल्यानंच सांगावं. पण तोंड उघडत नाही. सकाळी आरशासमोर कुंकू लावते. आधी नकळत खोटं लावत होते, आता जाणून लावते. आज मामंजी म्हणाले, "काऊन वं, तब्येत बरी नई का? आता तर बाई आकडे बी नई म्हनत. काम सरलं, आता त्यानं याले पायजे." आणि ठेसनावर गेले.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावस्या

आज सांगितलं.

अविधवा नवमीला मामंजींना ताप होता म्हणून सासूबाईंचं राहिलं होतं, ते आज केलं. अंगणात पोतं उघडलं. मामंजी उकिडवे बसले, मी सूप धरलं. त्यांनी पायली ज्वारीत खुपसली, वरचा दाणा हातानं सपाट केला, ओतली आणि म्हणाले, "एक." सासूबाईंची. मग दोन, तीन. झालं. पोत्याचं तोंड बांधायला ते सुतळी शोधू लागले.

मी सूप खाली ठेवलं. त्यांच्या हातातली पायली घेतली. या घरात बाईनं पायलीला हात लावलेला नाही, ते बघतच राहिले. मी पायली भरली. त्यांच्यासारखा दाणा सपाट करायला गेले, पण सवय नव्हती, ज्वारी सांडली. पुन्हा भरली. ओतली. लाभ ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"एक," मी म्हणाले.

मामंजी सुतळी हातात धरून तसेच बसले. पोत्याकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. आज मी कुंकू लावलं नव्हतं, ते त्यांना तेव्हा दिसलं. त्यांनी विचारलं नाही, कोणाची. सांडलेली ज्वारी एकेक दाणा वेचून त्यांनी ओंजळीत घेतली आणि सुपात टाकली.

"ऐकलं होतं का त्यानं?" त्यांनी विचारलं. "तू लाभ म्हने ते?"

"एकदा," मी म्हणाले. "हसले होते."

त्यांनी मान हलवली. मग सूप स्वतःकडे ओढून दोन्ही हातांनी धरलं, मी धरते तसं, आणि म्हणाले, "भर पोरी. दोन."

मी भरत गेले. मोजत मामंजी होते.